अमेरिकेत व्हेटरनरी कॉलेजचा प्रवेश: कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

इथल्या मराठी घरांमध्ये हे पुन्हा पुन्हा घडतं. मुलगी हुशार असते, जीपीए उत्तम असतो, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतसुद्धा ए मिळालेला असतो. पदवीच्या कॉलेजचं तिसरं वर्ष संपताना ती व्हेटरनरी कॉलेजचा अर्ज उघडते, तेव्हा कळतं की पशुवैद्यकाच्या हाताखाली घालवलेले तास जेमतेम आहेत, एकाही पशुवैद्यकाशी शिफारसपत्र मागण्याइतकी ओळख नाही आणि हव्या त्या कॉलेजला लागणारा एक विषय घ्यायचाच राहिलाय. तोवर उशीर झालेला असतो आणि वर्ष जातं.

आपल्या डोक्यात वैद्यकीय प्रवेश म्हणजे एक मोठी परीक्षा, असं पक्कं बसलंय. इथे तशी परीक्षा नाही. बहुतेक व्हेटरनरी कॉलेजांनी जीआरईसुद्धा बंद केली आहे. त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांत जोर लावून भरून काढता येईल असं या प्रवेशात फारसं काही उरत नाही. जे लागतं ते तीन-साडेतीन वर्षांत थोडं थोडं साठवावं लागतं.

पुढचं सगळं अर्ज करणाऱ्या मुलामुलींना उद्देशून लिहिलंय. पालकांसाठी मध्ये काही सूचना आहेत.

## टप्पा १: आधी कागदावरची ओळख तपासा

विषय, तास, निबंध हे सगळं नंतर. आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: आपण कोणत्या राज्याचे रहिवासी धरले जातो, आणि आपला व्हिसा कोणता?

अमेरिकेत मान्यताप्राप्त व्हेटरनरी कॉलेजं तीसहून थोडी अधिक आहेत आणि त्यातली बरीच सरकारी विद्यापीठांची आहेत. ती आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखतात आणि त्यांना फीही कमी लावतात. इलिनॉयमध्ये राहणाऱ्या मुलाला अर्बानाचं आणि कॅलिफोर्नियातल्या मुलीला डेव्हिसचं सरकारी कॉलेज ही पहिली दारं असतात. न्यू जर्सीत २०२५पर्यंत व्हेटरनरी कॉलेजच नव्हतं. त्या वर्षी रोवन विद्यापीठाची पहिली तुकडी सुरू झाली, त्यामुळे तिथल्या मराठी घरांसाठी गणित बदललंय. पश्चिमेकडच्या ज्या राज्यांत स्वतःचं कॉलेज नाही, त्यातली काही 'विची' या आंतरराज्य संस्थेमार्फत शेजारच्या कॉलेजांत आपल्या विद्यार्थ्यांच्या जागांसाठी पैसे भरतात. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि मुदतही वेगळी असते.

आता व्हिसा. एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेल्या मुलांच्या पालकांनी हे नीट वाचावं. २१ वर्षं पूर्ण झाली की मुलाचं एच-४ संपतं, आणि ते नेमकं कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं. मूल एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलं की अनेक कॉलेजांच्या लेखी ते परदेशी विद्यार्थी ठरतं, मग ते दुसरीपासून इथेच शिकलेलं का असेना. काही सरकारी कॉलेजं नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांखेरीज कोणाचा अर्जच घेत नाहीत. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्जही मिळत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल पाठवून विचारा: माझ्या अर्जाच्या वर्षी माझा व्हिसा अमुक असेल, तुम्ही अर्ज घ्याल का, आणि मला कोणत्या गटात धराल? उत्तर लेखीच घ्या.

तपासा: आठ-दहा कॉलेजांची यादी, प्रत्येकापुढे 'राज्याचा', 'बाहेरचा' किंवा 'परदेशी' असा शिक्का, आणि लेखी उत्तर हाती आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: विषयांचा तक्ता

मेजर कोणतंही चालतं. बायोलॉजी किंवा ॲनिमल सायन्स घेतलं तर सक्तीचे विषय आपोआप होत जातात, एवढाच त्यांचा फायदा. खरी अडचण अशी की सक्तीच्या विषयांची यादी प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. जनरल बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स आणि स्टॅटिस्टिक्स बहुतेक ठिकाणी लागतात. जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, फिजिऑलॉजी, ॲनिमल न्यूट्रिशन, पब्लिक स्पीकिंग हे कुठे लागतात, कुठे नाहीत.

एका शीटमध्ये आडव्या रांगेत कॉलेजं आणि उभ्या रांगेत विषय लिहा. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी भरा: किती क्रेडिट, प्रयोगशाळा हवी की नको, किमान ग्रेड काय, आणि विषय किती वर्षांपूर्वी केलेला चालतो. तक्ता भरला की दिसतं, जास्तीचे दोन-तीन विषय घेतले तर बरीच दारं उघडतात आणि एखादं कॉलेज फक्त एका आडवळणी विषयापायी यादीतून काढलेलं बरं.

मुलं इथे ज्या चुका करतात त्या अशा. हायस्कूलचं एपी क्रेडिट धरून बायोलॉजी सोडून देतात, आणि काही कॉलेजं ते मानत नाहीत किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय मागतात. जड विषय पास-फेलवर घेतात, तेही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तिसरी चूक आपल्या मुलांची खास आहे: सी आला म्हणून विषय पुन्हा घेतात आणि जुनी ग्रेड पुसली गेली असं समजतात. तुमच्या विद्यापीठाने पुसली असेल, पण कॉलेजांची सामाईक अर्जप्रणाली ('व्हीएमकॅस', तिच्याबद्दल टप्पा ६ मध्ये) दोन्ही ग्रेड धरते.

एक गोष्ट मात्र धीर देणारी आहे. अर्जप्रणाली एकूण जीपीए काढते, विज्ञान विषयांचा काढते आणि शेवटच्या ४५ सेमिस्टर क्रेडिटचाही वेगळा काढते. काही कॉलेजं या शेवटच्या आकड्याला मोठं वजन देतात. पहिलं वर्ष अडखळलं असेल तर दुसरं आणि तिसरं सांभाळा.

## टप्पा ३: अनुभव (सर्वांत जास्त मुलं इथे अडतात)

अर्जात अनुभवाचे वेगवेगळे कप्पे असतात. त्यातले दोन एकमेकांत मिसळू देऊ नका.

पशुवैद्यकीय अनुभव म्हणजे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेलं काम. पगार मिळो न मिळो, नुसतं शेजारी उभं राहून पाहिलं तरी धरलं जातं. प्राण्यांचा अनुभव म्हणजे पशुवैद्यक सोबत नसताना केलेलं काम: निवारागृहातली कुत्री फिरवणं, तबेला साफ करणं, डेअरीत दूध काढणं. एकाच निवारागृहात सकाळी पिंजरे धुतले आणि दुपारी तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांना मदत केली, तर तास दोन कप्प्यांत वाटून लिहायचे. घरचा कुत्रा सांभाळला हे यातल्या कशातच बसत नाही.

किती तास पुरेसे? काही कॉलेजं किमान आकडा जाहीर करतात, बरीच करत नाहीत. माझं मत विचाराल तर आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा आधी विविधता साधा आणि मग एका ठिकाणी खोलवर जा. उपनगरात वाढलेल्या आपल्या मुलांचा सगळा अनुभव कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातला असतो. गाय, घोडा, मेंढी यांना कधी हातही लागलेला नसतो. अर्ज वाचणाऱ्याला ती पोकळी लगेच दिसते.

क्रम असा ठेवा:

१. पहिलं वर्ष: निवारागृह किंवा तबेल्यात दर आठवड्याला ठरावीक वेळ. इथे ओळखीशिवाय, अनुभवाशिवाय घेतात.

२. पहिला उन्हाळा: जवळचा छोट्या प्राण्यांचा दवाखाना. स्वतः जा. शनिवार सकाळी जाऊ नका, तेव्हा रिसेप्शनवर श्वास घ्यायला फुरसत नसते. मधल्या वारी दुपारी जा आणि ऑफिस मॅनेजरला भेटा. 'दर मंगळवारी चार तास येऊ शकते, डिसेंबरपर्यंत' असं नेमकं सांगा. 'मला प्राणी फार आवडतात' हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. तुमच्याकडून जबाबदारीचा फॉर्म भरून घेतील, धनुर्वाताच्या लसीची तारीख विचारतील.

३. दुसरं वर्ष: मोठ्या जनावरांचे डॉक्टर. ते गाडीतून गोठ्या-गोठ्यावर फिरतात आणि पहाटे निघतात. धुऊन निर्जंतुक करता येतील असे रबरी बूट स्वतःचे घ्या. मार्च २०२४मध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, तेव्हापासून बरेच गोठे पाहुण्यांबाबत कडक झाले आहेत. एका गोठ्यातली घाण दुसऱ्या गोठ्यात नेणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

४. दुसरा उन्हाळा आणि तिसरं वर्ष: प्राणिसंग्रहालय, संशोधन प्रयोगशाळा, आपत्कालीन रुग्णालय यातलं जे मनापासून हवं ते. पहिल्या दवाखान्याशी संबंध मात्र तोडू नका. शिफारसपत्र तिथूनच यायचं आहे.

पहिल्यांदा शस्त्रक्रिया पाहणार असाल तर पोटभर खाऊन जा, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर जिथे असाल तिथेच खाली बसा. कोणी हसणार नाही. दवाखान्यातल्या प्राण्याचा फोटो मालकाच्या परवानगीशिवाय काढू नका.

### सुट्टीत भारतात अनुभव घ्यायचा असेल तर

आजोळी कुणीतरी ओळखीचे डॉक्टर असतातच आणि हा अनुभव धरलाही जातो. पण इथे एक गफलत होते. महाराष्ट्रात श्रेणी-१च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, ते पदवीधर पशुवैद्यक. श्रेणी-२च्या दवाखान्यांत बहुधा पशुधन पर्यवेक्षक किंवा त्यातूनच बढती मिळालेले अधिकारी असतात. गावात सगळे त्यांनाही 'डॉक्टर' म्हणतात. त्यांच्यासोबतचं काम पशुवैद्यकीय अनुभवाच्या कप्प्यात लिहू नका, प्राण्यांच्या अनुभवात लिहा. पदवीधर डॉक्टर असतील तर त्यांचा महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, फोन आणि ई-मेल निघण्याआधी लिहून घ्या. गोशाळा आणि पांजरपोळालाही हाच नियम.

इशारा १: 'ये, तू टोचून बघ' असं कोणी प्रेमाने म्हटलं तरी इंजेक्शन किंवा टाके स्वतः घालू नका. इथे जे करायला तुम्हाला परवानगी नाही ते तिथे केलं, हे अर्जात वाचून समितीचं मत वाईटच होतं.

इशारा २: भारतात लाळ्या खुरकूत हा जनावरांचा संसर्गजन्य रोग कायम आहे. अमेरिका १९२९पासून त्यातून मुक्त आहे. परतताना विमानतळावर जनावरांच्या संपर्कात आलो होतो हे स्पष्ट सांगा, बूट घासून धुऊन आणा, आणि निदान पाच दिवस इथल्या कोणत्याही गोठ्यात पाऊल ठेवू नका.

## टप्पा ४: नोंदवही, पहिल्या दिवसापासून

तीन वर्षांनी कोणालाही काही आठवत नाही. अर्जात मात्र प्रत्येक अनुभवाच्या तारखा, आठवड्याचे तास, देखरेख करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कामाचं वर्णन लागतं. त्याच रात्री लिहायची सवय लावा. नोंद अशी हवी:

*१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८ ते दुपारी १, पाच तास, पशुवैद्यकीय. लॅब्राडॉर, नऊ वर्षांचा, डाव्या मागच्या पायाने लंगडत आला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासून दाखवले, डाव्यात हाड पुढे सरकतंय हे हाताला जाणवलं. लिगामेंट तुटलं असावं. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून मालक गप्प झाले. डॉक्टरांनी घाई केली नाही, आधी वेदनाशामक आणि विश्रांतीचा पर्याय समजावला. मी एक्स-रेसाठी धरायला मदत केली.*

बघा, यात तास आहेत, काम आहे, आणि पैशापुढे अडलेल्या माणसाशी डॉक्टर कसे बोलले हेही आहे. पुढे मुलाखतीत 'मालकाला उपचार परवडत नसतील तर काय कराल?' असं विचारतात, तेव्हा ही ओळ कामाला येते. निबंधाचं बीजही अशाच नोंदींत सापडतं.

तपासा: दर सत्राच्या शेवटी प्रत्येक कप्प्याची बेरीज करा. पुढे होतील असे अंदाजाचे तास त्यात मिळवू नका.

## टप्पा ५: शिफारसपत्रं

किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा पत्रं जोडता येतात. त्यातलं निदान एक पशुवैद्यकाचं हवंच, काही कॉलेजं दोन मागतात. एक विज्ञान विषयाच्या प्राध्यापकांचं असावं. नात्यातल्या कोणाचंही नको. काका स्वतः पशुवैद्यक असले तरी नको.

आपल्या मुलांना पत्र मागायचा संकोच वाटतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात घाईने मागतात. त्यापेक्षा मार्चमध्येच प्रत्यक्ष भेटून विचारा: 'माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता का?' समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जा. कोमट पत्राने नुकसानच होतं. हो म्हणाले तर त्यांच्या हाती एक पान द्या: तुम्ही त्यांच्याकडे कधीपासून, किती तास, कोणती कामं केली, त्यांच्यासमोर घडलेल्या दोन-तीन गोष्टी (इथेही नोंदवही उघडायची), आणि पत्राची मुदत. मुदत खऱ्या तारखेच्या महिनाभर आधीची सांगा.

पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करा. ती न केलेली पत्रं वाचणारे हातचं राखून वाचतात.

## टप्पा ६: अर्जाचं वर्ष, महिन्यांच्या क्रमाने

बहुतेक कॉलेजांचा अर्ज 'व्हीएमकॅस' या सामाईक प्रणालीवर भरतात. टेक्सासच्या रहिवाशांना तिथल्या कॉलेजांसाठी 'टीएमडीएसएएस' ही वेगळी प्रणाली वापरावी लागते. तिच्या तारखा आणि निबंध दोन्ही वेगळे.

जानेवारी-फेब्रुवारी. व्हीएमकॅस साधारण जानेवारीच्या अखेरीस उघडतो. खातं काढा, सगळे प्रश्न वाचा, विषयांचा तक्ता नव्या वर्षाच्या अटींशी पुन्हा ताडून पाहा. अटी दरवर्षी बदलतात.

मार्च-एप्रिल. शिफारसपत्रं मागा. निबंधाचा पहिला खर्डा लिहा. कॅस्पर परीक्षा (प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल?' असं विचारणारी ऑनलाइन चाचणी) कोणतं कॉलेज मागतं ते बघून तारीख घ्या. तिचा निकाल त्याच प्रवेशवर्षापुरता चालतो.

मे-जून. वसंत सत्राच्या ग्रेड लागल्यावर ट्रान्सक्रिप्ट मागवा. जिथे जिथे एक जरी क्रेडिट घेतलंय त्या प्रत्येक कॉलेजचं हवं. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एकच विषय मुलं विसरतात आणि अर्ज तिथेच अडकतो. ट्रान्सक्रिप्ट थेट कॉलेजकडून गेलं पाहिजे. काही शिक्षण भारतात झालं असेल तर त्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्यासाठी महिने हाताशी ठेवा.

जुलै. प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्टवर जसा आहे तसा भरा. सोडलेले विषय आणि पुन्हा घेतलेले विषयही भरा. हे काम किचकट आहे. एका बैठकीत उरकू नका.

ऑगस्ट. अर्ज पाठवा. शेवटची तारीख साधारण सप्टेंबरच्या मध्यावर असते, पण पाठवल्यावर पडताळणीला काही आठवडे लागतात आणि त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करायला वेळ उरायला हवा. बऱ्याच कॉलेजांचा पुरवणी अर्ज आणि त्याची फी वेगळी असते. पुरवणी अर्ज राहून गेल्याने बाद होणारी मुलं दरवर्षी असतात. सामाईक अर्जाची फी पहिल्या कॉलेजला दोनशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला शंभराच्या वर जाते, म्हणून यादी टप्पा १ आणि २ च्या चाळणीतून काढलेलीच असू द्या.

इशारा: एकदा पाठवलेल्या अर्जात विषय, अनुभव किंवा निबंध बदलता येत नाही. पाठवण्याआधी संपूर्ण अर्ज छापा आणि दुसऱ्या कोणाकडून तरी नोंदवहीशी ताडून घ्या.

### निबंधाबद्दल

मर्यादा अक्षरांत मोजतात, शब्दांमधली मोकळी जागाही त्यात धरतात. 'लहानपणी माझा कुत्रा वारला आणि मी ठरवलं' ही सुरुवात खरी असली तरी टाळा. समितीने ती सकाळपासून कितीतरी वेळा वाचलेली असते. या कामाची अवघड बाजू तुम्ही पाहिली आहे का, हे त्यांना कळायला हवं: दयामरण, पैशाअभावी थांबवलेले उपचार, थकलेले सहकारी. हे पाहूनही यायचंय, आणि का यायचंय, ते नोंदवहीतल्या एका प्रसंगातून लिहा.

पालकांना विनंती: निबंध तुम्ही लिहू नका, कोणाकडून लिहूनही घेऊ नका. शिफारसपत्रातली मुलगी आणि निबंधातली मुलगी वेगळी दिसली की ते लपत नाही.

## टप्पा ७: मुलाखत

मुलाखती बहुतेक हिवाळ्यात होतात. अनेक कॉलेजं छोट्या छोट्या खोल्यांची मालिका लावतात: दाराबाहेर प्रश्न वाचायचा, आत जाऊन काही मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढची खोली. पाठ केलेली उत्तरं तिथे उघडी पडतात. मित्रमैत्रिणींसोबत घड्याळ लावून सराव करा आणि प्रत्येक उत्तरात आधी दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचा निर्णय सांगा.

## टप्पा ८: हो म्हणण्याआधी पैशाचा हिशोब

जागा स्वीकारण्याची सामाईक शेवटची तारीख १५ एप्रिल. त्याआधी चार वर्षांचा फी आणि राहण्याचा पूर्ण खर्च मांडा. दुसऱ्या राज्यात शिकायचं तर तो दोन लाख डॉलरच्या बराच वर जाऊ शकतो. १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचं 'ग्रॅड प्लस' हे कर्ज बंद होतंय आणि व्यावसायिक पदवीसाठी केंद्राचं उरलेलं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपुरतंच आहे. त्यापुढची रक्कम कुठून येणार ते लिहून काढा. खाजगी कर्जाला बहुधा सहकर्जदार लागतो. वडिलांनी सही करण्याआधी घरात बसून बोला.

'मग भारतात बीव्हीएससी करून परत आली तर?' असं बरेच पालक तिथल्या पशुवैद्यकीय पदवीबद्दल विचारतात. रस्ता आहे, पण भारतातल्या एकाही कॉलेजला एव्हीएमए या इथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची मान्यता नाही. त्यामुळे पदवीनंतर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यापैकी एक समकक्षतेची पायरी (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे हे दाखवणारी) पार करावी लागते आणि नॅव्हली ही परवाना परीक्षाही द्यावी लागते. पायरी लांबलचक आणि महागडी आहे. ती कमी खर्चाची वाट समजून निवडू नका.

## प्रवेश नाही मिळाला तर

बऱ्याच जणांना पहिल्या खेपेला मिळत नाही. ज्या कॉलेजांनी नाकारलं त्यांना लगेच ई-मेल करून अर्जाचं परीक्षण मागा. सगळी देत नाहीत, पण जी देतात ती नेमकं सांगतात: शेवटच्या क्रेडिटचा जीपीए कमी पडला, मोठ्या जनावरांचा अनुभव नव्हता, एक पत्र कोमट होतं. त्या उत्तराप्रमाणे पुढच्या वर्षाचं काम ठरवा. तोच अर्ज तारखा बदलून पुन्हा पाठवू नका, कारण मागचा अर्ज त्यांच्याकडे असतो. एप्रिलमध्ये परीक्षण आलं तर दवाखान्यातली पूर्णवेळ नोकरी मे महिन्यात सुरू करता येते, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज पाठवताना तिचे तास त्यात असतात.